घाम न येता उचललेले शंभर किलो

मंडळी, वर्षभर माझ्याच्यानं न हललेला शंभर किलोचा बार आज सकाळी जिममध्ये जमिनीवरून उचलला.

लातुरात नळाला पाणी नाही. चार महिन्याखाली बायकोनं बजावलं, "घामेजून आलात तर अंघोळीला पाणी न्हाई." आधी मी आठवड्यातून दोनदा, दीड तास जायचो. तेव्हापासून रोज जातो, पाचच वेळा वजन उचलतो आणि घाम यायच्या आत निघतो. जिममधले कालपर्यंत हसायचे.

घरी कोरडा शर्ट बघून बायको रोजच्यासारखं म्हणाली, "जिमला जाता का नुसतं फिरून येता?"

मी टँकरच्या पाण्याचे दोन भरलेले कॅन तिसऱ्या मजल्यावर नेले, मधे कुठं न टेकवता.

पाऊस पडला तरी आता रोजच जाणार. तुम्ही कशाची वाट बघून राहिलात?