घाटातला तपमानाचा काटा

गळका रेडिएटर उस्तादांकडे टाकावा आणि निर्धास्त व्हावं, अशी त्यांची ख्याती होती. पण सहा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा कप बशीत वाजायचा, तिथे पितळेच्या बारीक नळ्यांची गळती बुजवायला झाळाचा डाग कसा देणार? तेव्हापासून सगळं काम त्यांची बायको करत होती, गॅरेजच्या मागच्या खोलीत, दार लोटून. तिला कुणी शिकवलं नव्हतं. वीस वर्षं शेजारी बसून हत्यारं हातात देता देता ती शिकली होती. गिऱ्हाइकांशी मात्र उस्तादच बोलायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग डॉक्टरांची गाडी आली. डॉक्टर निवृत्त झालेले, आणि गाडी त्यांच्याहूनही वयानं मोठी. लांबलचक नाक, लाकडी डॅशबोर्ड, आत बसलं की माणूस आपोआप ताठ व्हावा अशा चामड्याच्या सीटा. वडिलांची गाडी ती. तिच्यातूनच डोंगरापलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीला भेटायला जायचं त्यांनी ठरवलं होतं. उस्तादांच्या बायकोनं रेडिएटर उघडून एकेक नळी साफ केली, चिरलेले होजपाइप काढून नवे बसवले. सपाटीवर गाडी थंड राहिली.

"पण खरी परीक्षा घाटात," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी चढवून बघू. उस्ताद, तुम्ही शेजारी बसा."

"हिलाही घेतो," उस्ताद घाईनं म्हणाले. "पाण्याचे कॅन सांभाळेल."

दुसऱ्या दिवशी ती मागच्या सीटवर दोन कॅनच्या मधे बसली. डॉक्टरांच्या खांद्यावरून तिला फक्त तपमानाचा काटा दिसत होता. चौथ्या वळणापर्यंत तो मधोमध होता. पुढे चढ उभा झाला, डॉक्टरांनी गिअर खाली घेतला, इंजिन कण्हायला लागलं आणि काटा हलला. कुठला डाग सुटला असेल? डाव्या कोपऱ्यातला? तो तिनं दोनदा दिला होता.

"उस्ताद, काटा चढतोय हो!" डॉक्टर म्हणाले.

"चढणारच थोडा," उस्ताद म्हणाले. मांडीखाली दाबून ठेवलेला त्यांचा हात सीटसकट हलत होता.

एका बाजूला दरी होती, दुसऱ्या बाजूला कातळ, थांबायला जागा नाही. गरम रबराचा वास आला. काटा लाल रेषेला टेकला तेव्हा कुठे रुंद वळण मिळालं आणि डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. उतरून त्यांनी बॉनेट उघडलं, फडकं हाताला गुंडाळलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

"हात लावू नका!" ती ओरडली. "तोंडावर वाफ येईल!"

डॉक्टर दचकून मागे सरले. ती पुढे झाली. एक थेंब गळत नव्हता, सगळे डाग जिथल्या तिथे होते. मग पाणी तापलं कशानं?

"डॉक्टर, आत बसून जरा रेस करा. थोडीच."

इंजिन गुरगुरलं आणि तिच्या डोळ्यांदेखत खालचा नवा होजपाइप चपटा झाला, रिकाम्या पिशवीसारखा. रेस कमी होताच पुन्हा गोल. जुन्या पाइपातून एक गंजलेली स्प्रिंग निघाली होती. कचरा समजून तिनं ती फेकून दिली होती. इंजिन जोरात पळालं की पंप पाणी ओढतो, तेव्हा पाइप मिटू नये म्हणून ती स्प्रिंग होती!

"काय झालं, उस्ताद?" डॉक्टरांनी इंजिन बंद करत विचारलं.

उस्तादांनी बायकोकडे पाहिलं.

"त्यांना विचारू नका," ती म्हणाली. "चूक माझी आहे. गाडीचं काम मी केलंय. सहा वर्षं मीच करतेय."

डॉक्टरांनी उस्तादांच्या हाताकडे पाहिलं. डॉक्टरच ते, त्यांना आणखी काही सांगायची गरज पडली नाही. "दुरुस्त होईल?" त्यांनी तिला विचारलं.

"गाडी निवू दे आधी."

गाडी निवायला पाऊण तास लागला. मग तिनं सोबत आणलेल्या हत्यारांच्या पिशवीतली जाड तार काढली, जॅकच्या दांड्यावर वेटोळं वेटोळं गुंडाळली आणि स्प्रिंग केली. पाइप उतरवला, स्प्रिंग आत सरकवली, क्लिपा आवळल्या, दोन्ही कॅन रेडिएटरात रिते केले. दांडा धरायला उस्ताद होते. थरथरत का होईना, त्यांनी तो सोडला नाही.

"आता पुढे तुम्ही बसा, वहिनी," डॉक्टर म्हणाले.

उरलेली अकरा वळणं तिनं डोळ्याची पापणी लवू न देता काढली. काटा दोनदा वर सरकला, दोनदा परतला. माथ्यावर पोचल्यावर डॉक्टर हसले, उस्ताद मागच्या सीटवरून "झालं एकदाचं!" म्हणाले. तिचा मात्र अजून विश्वास बसत नव्हता. खाली उतरून, चिखलात गुडघे टेकून, ती पुन्हा त्या पाइपाला हात लावून बघत होती.

"अगं, पुरे आता," उस्ताद म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळून, जरा खाकरून: "पुढच्या वेळी काही असलं तर तिलाच विचारा."