साठा पुरेसा आहे

मगनआप्पा पाटील भित्रे होते, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. मुंबईहून फोन आला की ते खुर्चीतून उठून उभे राहत. समोरच्याला दिसत नाही आप्पा, बसा की, असं कोणी म्हटलं तर म्हणत, "दिखत नही, पन समजस." रजेच्या अर्जाच्या तीन झेरॉक्स काढून तीन वेगळ्या ठिकाणी ठेवत. कोरीटहून नंदुरबारला ते सत्तावीस वर्षं मोटारसायकलने जात होते, आणि त्या सत्तावीस वर्षांत काटा चाळीसच्या पुढे गेला नव्हता. केळी भरलेला ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न वाजवून त्यांना मागे टाकी.

असा माणूस सरकारी आरोग्य कार्यालयात कुठल्या टेबलावर बसवावा? साहेबांनी त्यांना विधानसभेच्या प्रश्नांवर बसवलं. कार्यालयाचं नाव मी सांगत नाही, उगाच कोणाच्या पोटात दुखायला नको. पण निवड अचूक होती.

अधिवेशन आलं की आमदार उभे राहून मंत्र्याला विचारतात, जनतेचा पैसा अमुक कामाला दिला होता, त्याचं काय झालं? मंत्री उठतात आणि उत्तर देतात. टीव्हीवर पाहणाऱ्याला वाटतं, काय माहिती आहे या माणसाला! मंत्र्याला काय डोंबल माहीत असणार? प्रश्न आधीच छापील येतो. मुंबईहून तो जिल्ह्याला येतो, जिल्ह्यातून कोपऱ्यातल्या एका टेबलावर येतो. त्या टेबलावर जे लिहिलं जातं तेच सह्या गोळा करत पुन्हा वर चढतं. थोडक्यात, मंत्र्यांच्या तोंडचं वाक्य कोरीटच्या मगनआप्पांनी डबा खाता खाता लिहिलेलं असे.

त्यांचा हात या कामात बसला होता. प्रश्नाचे चार भाग असतात. पहिल्यात विचारतात, अमुक घडलं हे खरे आहे काय? पुढचे तिन्ही त्यावर टेकलेले. पहिल्याला 'हे खरे नाही' लिहिलं की उरलेल्या तिघांपुढे 'प्रश्न उद्भवत नाही' एवढं टाकायचं आणि टपाल मोकळं करायचं. 'हे खरे आहे' असं आप्पांनी उभ्या नोकरीत एकदाच लिहिलं होतं, तेही एका दवाखान्याचं छप्पर वादळात उडाल्याचा फोटो पेपरात आला होता म्हणून. त्यांचं एकही उत्तर कधी परत आलं नव्हतं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते, आणि हे चौदा महिने कोणाच्या नजरेत न येता काढायचे, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्या जूनमध्ये एका आमदारबाईंचा प्रश्न आला. नंदुरबार जिल्ह्यात गावोगावच्या आरोग्य केंद्रांत सर्पदंशाची लस उपलब्ध नाही, हे खरे आहे काय?

आप्पांनी भांडाराला फोन लावला. भांडार सांभाळणारा भावेश म्हसावदचा, तरुण आणि स्वभावाने सरळ. त्याने नोंदवही पाहून सांगितलं, "दोनशे बारा कुप्या शिल्लक आहेत, आप्पा." आप्पांनी आकडा लिहून घेतला. मग भावेश जरा घुटमळून म्हणाला, "पण त्या सगळ्यांची मुदत मे महिन्यात संपलीय."

"मग शिल्लक कशा?"

"बाद करायच्या तर समितीची बैठक लागते. ती झाली नाही. तोवर पुस्तकात त्या शिल्लकच."

सरकारदरबारी रीतच अशी आहे. मुदत संपलेली वस्तू समिती बसेपर्यंत मरत नाही, कागदावर धडधाकट असते. आप्पांनी मनाशी हिशेब केला. नव्या लसीची मागणी दोन दिवसांपूर्वीच वर गेली आहे. प्रश्न सभागृहात लागायला महिना. तोवर नवा माल येईल आणि वाक्य आपोआप खरं होईल. खरं लिहावं तर साहेब विचारणार, मेपर्यंत झोपला होतात काय?  त्यांनी लिहिलं: हे खरे नाही. जिल्ह्यात लसीचा साठा पुरेसा आहे.

एरवी असे प्रश्न यादीत खाली कुठेतरी असतात, वेळ संपते आणि उत्तर नुसतं छापून मोकळं होतं. या वेळी तो तिसरा लागला. जुलैमधल्या त्या सकाळी अख्खं कार्यालय भावेशच्या मोबाईलभोवती जमलं. मंत्री उठले आणि आप्पांचं वाक्य जसंच्या तसं वाचलं. आमदारबाई लगेच उभ्या राहिल्या. "अध्यक्ष महोदय, साठा पुरेसा म्हणजे किती? मला आकडा हवा."

 मंत्र्यांनी मागे अधिकाऱ्यांकडे पाहिलं, आप्पांनी उत्तरासोबत जोडलेल्या टिपणीवरून एक चिठ्ठी पुढे आली. "दोनशे बारा कुप्या," मंत्री म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी निश्चिंत असावं." बाकं वाजली, पुढचा प्रश्न पुकारला गेला. मुदतीबद्दल बाईंनी विचारलं नाही, कारण मुदत संपलेला मालही साठ्यात धरतात हे त्यांच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला. मगनआप्पांना सुटल्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदात त्यांनी एक गोष्ट केली जी आयुष्यात कधी केली नव्हती. त्यांनी फुशारकी मारली. घरी जाऊन बायकोला, मीनाबाईंना, ती चित्रफीत दाखवली. "हाई वाक्य मन्हं शे," ते म्हणाले. मीनाबाईंनी ती माहेरी पाठवली, माहेरून ती गल्लीत आली, आणि दोन दिवसांत निम्म्या कोरीटच्या मोबाईलवर मंत्री लोकांना निश्चिंत राहायला सांगत होते.

आठव्या दिवशी नव्या लसीची मागणी परत आली. वर लाल शाईत शेरा होता: जिल्ह्यात साठा पुरेसा असल्याचे मा. मंत्री महोदयांनी सभागृहात सांगितले आहे, सबब मागणी अमान्य.

आप्पांनी तो शेरा चार वेळा वाचला. मग कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले आणि दारातच उभे राहिले. "साहेब, लस नाहीये. केंद्रांवर एकही चालू कुपी नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "आप्पा, सभागृहात सांगून झालंय. आता साठा आहे."

"पण साहेब..."

"मंत्र्यांनी खोटं सांगितलं असं लेखी देताय? द्या. हक्कभंग कशाला म्हणतात ठाऊक आहे ना? आणि उत्तराखाली पहिली सही कोणाची आहे, तेही बघा."

पहिली सही आप्पांची होती. ते परत येऊन टेबलाशी बसले आणि अधूनमधून उगाच पेनाचं टोपण काढून लावू लागले. निलंबन, चौकशी, अडकलेली पेन्शन, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ते गप्प बसले. त्यांच्या जागी आपण असतो तर बोललो असतो, असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खुर्चीत बसून पाहावं. पण गप्प बसले हे खरं, आणि ते मी झाकणार नाही.

त्या दिवसापासून त्यांच्या मागे निराळीच भीती लागली. पावसाने बांधावर गुडघाभर गवत वाढलं होतं. नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्याची खरेदी वेगळी, तिथे लस होती. पण गावोगावच्या केंद्रांत नव्हती, आणि हे सांगू शकेल असा माणूस गावात एकच होता. लोक बिनधास्त अनवाणी शेतात जात, गवत कापत, केळीच्या बुंध्याशी हात घालत, आणि आप्पांचा जीव टांगणीला लागे. पायतण घालायच्या आधी ते चार वेळा झटकत. गोठ्यात दोरी पडलेली दिसली तरी थबकत. शेजारपाजारच्या माणसाला थांबवून सांगावं असं रोज मनात येई, आणि रोज वाटे, हा विचारील, तुम्हाला कसं माहीत?

घरात मात्र त्यांनी हुकूम काढला. मीनाबाईंनी वावरात पाऊल टाकायचं नाही.

मीनाबाई खवळल्या. कपाशीची निंदणी तोंडावर आली होती आणि तीस वर्षांत त्यांनी एकही निंदणी चुकवली नव्हती. "का बरं? मन्हा पाय मोडना का?"

"नही जावानं म्हनजे नही जावानं. रेवाले बलाव कामले."

रेवाबाई आणि तिचा नवरा दलसिंग खापरकडच्या एका पाड्यावरचे. गेली चार वर्षं आप्पांच्या मळ्यातल्या खोलीत राहून सालाने काम करत. रेवाबाईकडे गुरांचं काम होतं. निंदणी आता तिच्या अंगावर आली. दुसऱ्या दिवसापासून ती खुरपं घेऊन कपाशीत उतरली आणि मीनाबाई ओट्यावर बसून रागारागाने तांदूळ निवडू लागल्या. त्या रात्री आप्पांना पुष्कळ दिवसांनी शांत झोप लागली. का लागली, याचा त्यांनी विचार केला नाही. केला असता तर लागली नसती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी पावणेदोनला, कार्यालयात त्यांचा मोबाईल वाजला.

"आयकतस का?" मीनाबाईंचा आवाज चिरकत होता. "रेवाले साप चावना. घोनस व्हता, दलसिंगनी दखा. आमी तिले जोडेना दवाखानामा लई जाई ऱ्हायनूत."

जवळचा दवाखाना म्हणजे आरोग्य केंद्र, दहा मिनिटांवर. नंदुरबार उलट्या दिशेला, अर्ध्या तासावर. आप्पा उठून उभे राहिले. टेबलाशी भावेश होता. साहेब दारात कोणाशी तरी बोलत होते, ते बोलायचे थांबले.

"तठे नका जाऊ," आप्पा म्हणाले. "सरळ नंदुरबारले आना."

"येडा व्हयनात का? आठे दहा मिनिटमा पोचतस!"

"तठे लस नही शे."

"कशी नही? तुमीच तं दखाडी व्हती मोबाईलमा! मंत्रीनी सांगं, सगळीकडे शे म्हनीसन."

"नही शे!" मगनआप्पा ओरडले. उभ्या नोकरीत ते त्या खोलीत कधी ओरडले नव्हते. "मी सांगी ऱ्हायनू ना, एक बी कुपी नही शे! नंदुरबारले आना!"

पलीकडे जीपचा आवाज, कोणाचं तरी कण्हणं. मग मीनाबाई म्हणाल्या, "तुमी तं जलमना भेकड. मंत्री का खोटं बोली?" आणि फोन बंद झाला.

त्यांनी सात वेळा फोन लावला, कोणी उचलला नाही. मग साहेबांना न विचारता ते खाली उतरले, मोटारसायकल काढली आणि मोठ्या दवाखान्याकडे निघाले. काटा किती होता ते त्यांनी पाहिलं नाही. तिथे डॉक्टरांना गाठून सांगितलं, घोणस चावलेली बाई येतेय, लस काढून ठेवा. मग फाटकाशी उभे राहिले. अडीच वाजले. तीन वाजले. प्रत्येक गाडी आली की ते दोन पावलं पुढे जात, आणि ती दुसऱ्याच कोणाची निघाली की परत फाटकाशी येत.

जीप सव्वातीनला आली. केंद्रावरच्या डॉक्टरने कपाट उघडून दाखवलं होतं, सहा कुप्या, सगळ्या मेच्या. मग रुग्णवाहिकेची वाट पाहण्यात पाऊण तास गेला, ती दुसऱ्या फेरीला गेलेली होती. शेवटी पुन्हा त्याच जीपमध्ये घालून त्यांनी उलटा रस्ता धरला होता. रेवाबाईचा हात कोपरापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. तिला स्ट्रेचरवर घेऊन आत नेलं.

पाच वाजता डॉक्टर बाहेर आले. "जीव वाचेल असं वाटतंय," ते म्हणाले. "किडनीचं आज सांगता येत नाही. तासभर आधी आणायला हवं होतं." आणि आत गेले.

दलसिंग भिंतीला टेकून खाली बसला होता. मीनाबाई बाकावर बसल्या होत्या, पदरावर रक्ताचे डाग होते. आप्पा समोर उभे राहिले. बसावं की नाही हे त्यांना कळेना.

"तठला डॉक्टर म्हने, मे महिनापासून लस नही शे," मीनाबाई हळू म्हणाल्या. "तुमले मालूम व्हतं?"

सत्तावीस वर्षं हा माणूस प्रश्नांना उत्तरं लिहीत होता. त्यातलं एकही त्यांना आठवलं नाही.

"व्हतं."

 मीनाबाईंच्या मनात एकेक गोष्ट जागेवर बसत होती, आणि आप्पांना ती बसताना दिसत होती. 

"म्हनीसन मले वावरमा जाऊ नही दिधं," त्या म्हणाल्या. "आनि रेवाले बलाव, हाई बी तुमीच सांगं. तिले कसं धाडं मंग तुमी?"

दलसिंगला अहिराणी चांगली समजत होती. त्याने मान वर करून मगनआप्पांकडे पाहिलं, आणि ते काय सांगतात याची वाट पाहत राहिला.