लोणच्यावरचा दगड

लग्न होऊन बडोद्याला निघाले तेव्हा आईने लोणच्याची बरणी दिली, आणि फोडी तेलाखाली दबून राहाव्यात म्हणून आत ठेवायला एक दगड. आमच्या शेताच्या बांधावरचा, मुठीपेक्षा थोडा मोठा, बाहेरून बटाट्यासारखा मातकट. लोणचं पहिल्याच वर्षी संपलं. दगड मी धुऊन खिडकीत ठेवला. कुठे टाकणार? माहेरचा होता.

आम्ही तरसालीत वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. ह्यांची नोकरी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात, लेथवर. खाली घरमालक काका आणि काकू. त्यांची तिसरी पिढी बडोद्यात. मराठी पुस्तकी, पण मधूनमधून "चालो", "बस ने". काका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले आणि त्यांना दगडांचं वेड. मागच्या पडवीत त्यांनी दगड चमकवायचं एक यंत्र बसवलं होतं: जुन्या टेबलपंख्याची मोटर, पट्टा, दोन फिरते रूळ आणि रुळांवर आडवा लोळणारा, आतून रबर लावलेला डबा. डब्यात दगड, पाणी आणि घासायची पूड. दिवसरात्र घर्रघर्र. शेजारच्या बेन पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "केम, घरमां घंटी नाखी?" त्यांना पिठाची गिरणीच वाटली.

"हो," काकू म्हणाल्या, "आमच्याकडे दगड दळून मिळतील."

एकदा काका नळ बघायला वर आले आणि त्यांना खिडकीतला दगड दिसला. उचलून त्यांनी कडेला जिथे टवका उडाला होता तिथे ऊन धरलं. कड मधासारखी उजळली.

"मुली, हा अकीक आहे, अंगठीत बसवतात तो. कापू देशील?"

घरमालकाला नाही कसं म्हणायचं, आणि आईच्या दगडाला हो कसं म्हणायचं? तोवर जिन्यातून काकूंचा आवाज आला, "अहो, भाडं घेता ते पुरे नाही का, तिचा दगडही सोडत नाही तुम्ही!" मला हसू फुटलं आणि मी हो म्हणून बसले.

खंभातला काकांच्या ओळखीचे एक कारागीर होते. त्यांच्याकडून सात चकत्या कापून आल्या, पानाच्या आकाराच्या, बोटभर रुंद. पण रंग मेलेला, पाटीसारखा. त्याच आठवड्यात गावाकडून पत्र आलं: महिन्या-दीड महिन्याने अण्णा येतायत. माझे वडील. लग्नानंतर चार वर्षांत एकदाही आले नव्हते. सातवीनंतर त्यांनीच माझी शाळा सोडवली. पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि धाकटी भावंडं सांभाळायला कुणीतरी हवं होतं. मी त्यांना कधी बोल लावला नाही. पण ते स्वतःला लावून घेतात हे मला ठाऊक होतं. म्हणून मनात आलं, ते येतील तेव्हा त्यांच्याच बांधावरचा दगड त्यांच्या हातात चमकता ठेवायचा. मी केलेला. एवढंच हवं होतं, आणि तेवढ्यासाठी मला झोप लागेना.

काकांनी शिकवलं. आधी जाड पूड, मग मध्यम, मग बारीक, शेवटी पांढरी चकाकीची. प्रत्येकीला साधारण आठवडा. चकत्या सपाट, एकमेकींवर आपटून कडा फुटतात, म्हणून सोबत प्लास्टिकचे दाणे घालायचे, ज्यांच्या बादल्या बनतात ते. पूड बदलताना सगळं असं धुवायचं की जाड पुडीचा एक कण मागे राहता कामा नये. घाण पाणी झाडाखाली ओतायचं, मोरीत नाही. मोरीत ते सिमेंटसारखं बसतं.

"आणि चकाकीच्या वेळी दाणे नवे घाल," एवढं सांगून काका मुलीकडे पुण्याला गेले. निघताना मला म्हणाले, "आता तू बघ." सातवी शिकलेल्या भाडेकरणीला. मी त्यांच्या पायाच पडले.

बारीक पूड झाली. नव्या दाण्यांची पिशवी फळीवर होती. पण जुने दाणे मला चांगलेच दिसत होते. ते टाकून नवे घ्यायचे? आमच्या घरी असं कुणी केलं नसतं. मी ते तांदळासारखे चोळून तीन पाण्यांनी धुतले. तिसरं पाणी अगदी नितळ निघालं. घातले.

आठ दिवसांनी डबा उघडला तर चकत्यांवर चकाकी नाही. उलट बारीक बारीक ओरखडे, मांजराने नखं मारावीत तसे. सातही चकत्यांवर. दुसरा दगड कुठून आणणार?

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून काकांना फोन लावला. "काका, दगड बिघडले."

"दाणे नवे घातलेस ना?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळायला लागले.

"अगं बोल की, मीटर पळतोय तुझा."

"जुने घातले. तीन पाण्यांनी धुऊन."

ते इतके हसले की बूथवाल्याने वर पाहिलं. "तांदूळ धुतलेस होय! प्लास्टिक मऊ असतं, जाड कण त्यात रुतून बसतात. ते गंगेत धुतले तरी निघत नाहीत. रडू नकोस. काही बिघडलेलं नाही. एक इयत्ता मागे बसव त्यांना. बारीक पूड पुन्हा, नव्या दाण्यांत. मग ते दाणे काढून, आणखी नवे घालून चकाकी. दगडाला वर्ष वाया गेल्याचं काही वाटत नाही."

घरी येऊन बोटांवर दिवस मोजले. सात आणि आठ, पंधरा. अण्णा सोळाव्या दिवशी. मधे एक दिवस मोटर थांबली असती तर संपलंच होतं. ह्यांनी कामावरून येऊन रोज पट्टा तपासला, रुळांना तेल घातलं. नवे दाणे आणखी आणून दिले, एका शब्दाने बोलले नाहीत. मी मात्र दर तासाला डब्यापाशी. शेवटी काकूंनी पडवीच्या दाराला कडी घातली. "सारखं झाकण उघडून बघायला तो काय भात आहे? बैस इथे, वाटाणे सोल."

पंधराव्या दिवशी काका परतले होते. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तूच उघड." मी डबा परातीत पालथा केला. पांढरा चिखल. पहिली चकती पाण्याखाली धरली, अंगठ्याने पुसली, आणि तिच्यात खिडकी दिसली. गजांसकट. आत मधाचे, दुधाचे पट्टे, एकात एक. मी काकूंना हाक मारली ती बहुधा पार मकरपुऱ्यापर्यंत गेली. काकू आल्या, शेजारच्या बेन पीठ लागलेल्या हातांनी आल्या. "अरे वाह! आ तो दागिना छे!" काका प्रत्येक चकती उन्हात तिरकी करून ओरखडा शोधत राहिले. सातवी खाली ठेवली आणि म्हणाले, "पास."

अण्णा दुसऱ्या दिवशी आले, धोतराला रेल्वेची काजळी. पाणी दिलं आणि एक चकती तळहातावर ठेवली.

"हे काय, इकत घेतलं?"

"अण्णा, आपल्या बांधावरचा दगड. लोणच्यावरचा. मी घासला."

त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळून चहाच्या आधणाकडे बघत होते.

"असले तर लय पडलेत की तिथं," ते म्हणाले. "आम्ही कुत्र्याला मारतो त्यांनी."

मला वाटलं, झालं, इतकंच. पण सकाळी उठून खाली गेले तर अण्णा फाटकात उभे. चकती बोटात धरून ते शेजारच्या बेनना मराठीत सांगत होते, "माझ्या पोरीनं केलंय. पोरगी हुशार हाय, शाळा मीच सोडवली तिची." बेन गुजरातीत उत्तर देत होत्या. एकमेकांचं अर्धंसुद्धा समजत नव्हतं, पण दोघंही माना डोलवत होती. तेवढ्यात दूधवाला आला, आणि अण्णांनी त्याला थांबवून पहिल्यापासून सुरू केलं.