चोवीसच्या पान्यावरचा कोड

बाबा गेल्यावर विसाव्या दिवशी त्यांचा फोन मीच फॉरमॅट केला.

आईचा फोन जुना झाला होता. म्हटलं, बाबांचा साफ करून तिला देऊ. चांगलं करायला गेली अन् घोळ घालून बसली.

बाबांच्या व्हिडिओंच्या अकाउंटचा कोड देणारं ॲप त्याच फोनमध्ये होतं. पासवर्ड मला पाठ. पण पासवर्ड टाकला की अकाउंट म्हणे, आता कोड टाका. कोड कुठून आणू?

अन् हे टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डवर कोडचं दुसरं कुलूप, लावून देणारी पण मीच. नागपूरला लोकांचे कॉम्प्युटर सुधारायची नोकरी करते मी.

हसा, हसा.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. माझे बाबा हिंगणघाटला जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी काढणारी मशीन कुठे दुखते, हे ते नुसत्या आवाजावरून सांगत. रिटायर झाल्यावर व्हिडिओ टाकायला लागले. बेअरिंग कसं बसवायचं, रोलर कसा घासायचा. पार गुजरात-तेलंगणातले फिटर त्यांना ‘उस्ताद’ म्हणून मेसेज करत.

त्यांचा एक नियम होता. व्हिडिओ आधी ‘फक्त मी’ वर ठेवायचा. मग आई चष्मा लावून बघणार. तिनं पास केला तरच सगळ्यांना दिसणार.

“मले काय समजते त्या मशिनीतलं?” आई म्हणायची.

“म्हणूनच तर. तुले समजलं म्हणजे कोणालेही समजते.”

आईनं कित्येक नापास केले. एक तर सदऱ्याचं बटण वर-खाली लागलं म्हणून.

शेवटचे सात बघायचे राहून गेले. बाबा दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत.

वर्षभर आईनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली.
“ते सात तेवढे दाखव मले.”

अन् मी कॉम्प्युटरवाली पोरगी, तेवढंही करू शकत नव्हती.

अकाउंटवाल्यांना बाबांचं ओळखपत्र पाठवून पाहिलं. नाव जुळेना. प्रोफाइलवर बाबांनी स्वतःचं नाव ‘मिस्त्री हिंगणघाटवाले’ लिहिलेलं!

राहिले बॅकअप कोड. टू फॅक्टर लावताना दहा मिळाले होते. आठ-आठ आकडी. एक कोड एकदाच चालतो. तेव्हा मीच बाबांना बजावलं होतं, “कागदावर नका ठेवू, कोणीही पाह्यते. फोनमध्ये तर बिलकुल नाई.”

“तू फिकर नको करू,” म्हणाले.

डायऱ्या पाहिल्या, कॅलेंडरच्या मागे पाहिलं, देवघर पाहिलं. काही नाही. खोटं कशाला बोलू, मी चिडली बाबांवर.

मग पंधरा दिवसांआधी खंडेनवमी आली. आईनं बाबांची पेटी अंगणात काढली. नट खोलायचे दहा पाने एकेक करून पुसत बसली, पूजेत मांडायला.

“पोरी, हा चोवीसचा पाना हाय ना?”

“हो.”

“मंग त्याच्यावर एवढा मोठा नंबर काऊन?”

“कंपनीचा असेल वं आई.”

“कंपनीचा सात असा वाकडा नसते. हा त्याइच्या हातचा हाय.”

मी पाना हातात घेतला. आकडे मोजले.

आठ.

जिनिंगमध्ये मशीन खोलली की प्रत्येक भागावर नंबर ठोकतात, जोडताना अदलाबदल होऊ नये म्हणून. आकडा कोरलेला पोलादी पंच ठेवायचा अन् वरून हातोडी. बाबांनी तेच केलं होतं. दहा पाने, दहा कोड. एक कोड कानशीनं घासून टाकलेला, कारण तो त्यांनी एकदा वापरला होता.

“अवं माय,” आई म्हणाली, “एक दिवस सारी दुपार टकटक लावली होती त्याइनं. मी ओरडली, मले झोपू देता का नाई!”

बाबांनी जन्मात कोणाला पाना उसना दिला नाही. यापेक्षा पक्की जागा मी तरी आजवर पाहिली नाही. अन् मी ऑफिसात लोकांना शिकवते!

आईनं आकडे वाचले, मी टाकले. घाईघाईत पहिल्यांदा एक आकडा चुकली.

“हळू टाक. पान्याले घाई चालत नाई.”

उघडलं.

तिथंच ओसरीवर आईनं चष्मा लावला. सहा व्हिडिओ धडाधड पास केले. एकात बाबा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून नुसते बेअरिंग ऐकत बसले आहेत. आईपण तेवढा वेळ श्वास रोखून बसली.

सातव्यात काम संपलं, पण बाबा रेकॉर्डिंग बंद करायला विसरले. चित्रात नुसतं छप्पर. मागून आवाज.

“झालं एकदाचं. अवं, बाहेर ये ना जरा. चहा आज मी ठेवतो.”

आई हसली. “साखर विसरले होते.”

मग चष्मा काढून पदरानं पुसला. बराच वेळ पुसत राहिली.

“हा नापास.”

“काऊन? काम तर बरोबर दाखवलं.”

“काम बरोबरच हाय. पण हा माहा हाय. कोणाले दाखवू नको.”

आज बाबांना वर्ष झालं. सहा व्हिडिओ सगळ्यांसाठी खुले केले आहेत. फिटर मंडळींनो, बघा. काही अडलं तर विचारा, आई म्हणते तीच सांगेल. अन् सांगेलही.

सातवा आई रोज चहाच्या वेळी बघते.

मोठे शब्द मला येत नाहीत, बाबा. तुम्ही म्हणायचे ना, काम झालं की पाना पुसून जागेवर ठेवजो.

ठेवला.