उधाणाआधी आणलेले बांबू

चैत्री अमावस्येच्या दोन दिवस आधी माझे थोरले काका रोह्याच्या एका खासगी रुग्णालयात व्हेंटिलेटरवर होते. त्याच सकाळी, पेणजवळच्या खाडीकाठच्या आमच्या गावात, त्यांच्या तिरडीसाठी बांबू तोडले गेले. ते अंगणात आणले तेव्हा एक टोक माझ्या खांद्यावर होतं.

काकांचं आयुष्य मिठागरात गेलं. विडी सुटली नाही. छातीचा जुना आजार एकाएकी बळावला, रक्तातला प्राणवायू उतरला आणि घशातून नळी घालावी लागली. नळी उपसू नये म्हणून त्यांचे हात पट्टीने खाटेला बांधले होते. छाती यंत्राच्या ठेक्यावर वर-खाली होई. काकू बाहेरच्या बाकावरून हलत नसे.

डॉक्टर मला म्हणाले, "फुप्फुसं दमलीत. मशीन त्यांना विसावा देतंय. संसर्ग आटोक्यात आला की आधार हळूहळू कमी करू. आज काही सांगता येत नाही."

मी गावात हे जसंच्या तसं सांगितलं. भावकीतले सर्वांत वडील आजोबा म्हणाले, "मशीनवर ठेवलेला कोन परत आलाय? उधाण तोंडावर हाय. तयारी करा."

आमचं स्मशान खाडीच्या बांधापलीकडे आहे. अमावस्येच्या उधाणात वाट पाण्याखाली जाते. त्यामुळे माणूस अत्यवस्थ झाला की ओहोटी बघून लाकडं आधीच पलीकडे न्यायची, अशी गावची रीत. लाकडं गेली. बांबू काकांच्या भिंतीला टेकवून ठेवले. काकूला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

उधाण आलं, ओसरलं. रोह्यात डॉक्टरांनी यंत्राचा आधार उतरवत नेला. काका आपला आपण श्वास घेऊ लागले आणि नळी निघाली. पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांना गाडीने घरी आणलं. बांबू कोणाच्या लक्षात राहिले नाहीत.

काका गाडीतून उतरले, भिंतीकडे पाहिलं. नळीने घसा बसला होता.

"कोन गेला गो?" त्यांनी काकूला विचारलं.

काकूने बांबू तेव्हाच पाहिले. तिने आमच्याकडे पाहिलं. आजोबा चपला शोधू लागले.

"नाय, कोन नाय," ती म्हणाली.

काका भिंतीपाशी गेले. एका बांबूला हात लावून उभे राहिले. दम लागला होता.

"आखूड हायती," ते म्हणाले. "माझं पाय भायेर आलं असतं."

मी त्यांची पिशवी घेऊन आत गेलो आणि बराच वेळ आतच राहिलो.

पावसाआधी काकांनी त्याच बांबूंवर दुधीचा मांडव घातला. वेलाला भरपूर दुधी लागले. काकूने त्यातला एकही दुधी घरात शिजवला नाही.