मामाजींचा घडीचा चाकू

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते, आमच्याकडे तसंच म्हणतात. सासूबाई गेल्यापासून यवतमाळच्या घरात आठवडाभर मामाजी आणि मी, दोघंच असतो. नवरा नोकरीपायी पांढरकवड्याला राहतो आणि शनिवारी येतो. मामाजी माणूस भला, पण अबोल. सासूबाई होत्या तोवर आमचं सगळं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं. तिला सांग साखर कमी टाक, त्यांना विचारा भाजी कोणती करू. मधलं माणूसच उठून गेल्यावर एकमेकांशी काय बोलायचं हे आम्हा दोघांनाही सुचेना. महिनाभर तर घरात फक्त टीव्ही बोलत होता.

मग चाकूने आमचं बोलणं सुरू करून दिलं. शिंगाच्या मुठीचा, घडीचा चाकू. मामाजी तहसिलीत नोकरीला होते तेव्हापासूनचा. संध्याकाळी ओसरीवरच्या खाटेवर बसून त्याने काहीतरी चिरून खायचं ही त्यांची जुनी सवय. कधी काकडी, कधी सफरचंद, उन्हाळ्यात कैरी. पण त्यांची बोटं वाताने आखडली आणि चाकूही आखडला. पातं मुठीतून बाहेर यायलाच तयार नसे. एका संध्याकाळी त्यांनी मला पहिल्यांदा हाक मारली.

"सूनबाई, हे जरा उघडून दे वं."

मी वणीची. कोळशाच्या धुळीत वाढलेल्या पोरीचे हात काही नाजूक नसतात. तरी माझंही नख मोडलं. पुढे मला त्या चाकूची खोड कळली. पातं पदरात धरायचं, आधी किंचित डावीकडे दाबायचं आणि मग ओढायचं, की कुरकुरत बाहेर येतं. माझ्याशिवाय ते कोणाला जमत नसे. नवऱ्यालाही नाही, आणि त्याला जमलं नाही की मला बरं वाटे.

चाकू उघडून दिला की मामाजी पहिली फोड मिठाला लावून माझ्या हातावर ठेवत आणि बोलायला लागत. "एकदा तांड्यावर गेलतो मोजणीले," अशी सुरुवात व्हायची. मग त्या तांड्यावरच्या म्हातारीने त्यांना ज्वारीच्या भाकरीबरोबर काय खाऊ घातलं, पुसदच्या रस्त्यावर जीप कशी बंद पडली, लग्नाआधी सासूबाईंना बघायला गेले तेव्हा त्यांनी चहात मीठ कसं टाकलं. कुकरची शिट्टी होईपर्यंत मी तिथेच उंबऱ्यावर बसून असे. या घरात येऊन मला वीस वर्षं झाली, पण माझं स्वतःचं असं जे काही मिळालं ते एवढंच. ते मी कोणाला देणार नव्हते.

दसऱ्याला नणंद आली. पुसदला असते, मामाजींची एकुलती लेक. तिने फाटकातून आत पाय टाकला आणि अबोल माणसाला वाचा फुटली. मला सांगितलेल्या सगळ्या गोष्टी तिला पहिल्यापासून सांगून झाल्या. चहातल्या मिठाचीसुद्धा. ती प्रत्येक गोष्टीला खळखळून हसत होती आणि मी आत पुऱ्या लाटत होते. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खरं आहे. मला तिचा हेवा वाटत होता, चांगला दातओठ खाण्याइतका. त्यातही एक समाधान होतं: संध्याकाळी चाकूसाठी हाक मलाच येणार होती. आलीही. मी लेकीसमोर मुद्दाम सावकाश उघडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालून आले, तर नणंद ओसरीवर गरम पाण्याचं भांडं, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन बसलेली. चाकू पाण्यात आणि पाणी लाल.

"वहिनी, हे पाहा काय निघून राह्यलं. कुंकवाचा नुसता लगदा हाये."

आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. कात्री, पाना, माझं शिवणयंत्र, आणि हा चाकू. सासूबाई कुंकू खोबरेल तेलात कालवून चाकूच्या बरोबर सांध्यावर लावत, म्हणजे ते पडत नाही. त्यांच्या मागे मीही तिथेच लावत आले. इतक्या वर्षांचं हळदकुंकू, तेल आणि धूळ सांध्यातल्या खिळीभोवती थिजून बसली होती. नणंदेने काडीने ती कोरून काढली, चाकू पुसून उन्हात ठेवला आणि मला म्हणाली, "तुमच्या मशिनीचं तेल आणा बरं."

संपलंय, असं अगदी ओठावर आलं होतं. पण मामाजी बघत होते. बाटली माझी, तेल माझं, आणि ते मीच तिच्या हातात नेऊन दिलं. तिने खिळीवर थेंब सोडला, पातं उघडमीट करत राहिली. काळं तेल बाहेर यायचं, ती पुसायची, पुन्हा थेंब. शेवटी तेल स्वच्छ यायला लागलं. मग तिने चाकू वडिलांसमोर धरला. त्यांनी त्या वाकड्या अंगठ्याने पातं उचललं आणि ते अलगद उघडलं. म्हातारा माणूस लहान मुलासारखा हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. येवढं साधं काम आजवर कोणाले सुचलं नाही, असंही वर नणंद म्हणाली.

ती गेली त्या संध्याकाळी मी डाळ लावली आणि कान ओसरीकडे ठेवून उभी राहिले. हाक आली नाही. मिठाची वाटी घेऊन मीच बाहेर गेले. काकडी चिरून झाली होती.

"तू कायले आली? स्वयंपाक कर तुझा," मामाजी म्हणाले. "आता तुले रोज उठा लागत नाही. म्या तिले फोन केलता, म्हटलं सूनबाईले चुलीपासून उठवाचं मले बरं वाटत नाही, येशीन तवा चाकूचं काही पाह्य."

म्हणजे हे त्यांनी माझ्यासाठीच करवून घेतलं होतं. रोज हाक मारताना त्यांना माझा संकोच होत होता.

"मले काही त्रास नव्हता, मामाजी," मी म्हटलं.

"तू तसंच म्हणशीन," ते म्हणाले आणि ताटली माझ्याकडे सरकवली. मी उंबऱ्यावर बसले. आम्ही दोघांनी काकडी खाल्ली. ती संपली तरी एकही गोष्ट निघाली नाही, मग मी ताटली उचलून आत गेले.