ठमाबाईनं बसवलेला खांदा

ठमाबाई उतेकर मोडलेलं हाड बसवताना कधी थरथरली नाही, पण एरवी तिला सगळ्याची भीती वाटायची. एसटीत बसायची भीती, टपालवाल्यानं नाव पुकारलं की भीती. खाकी कपडे दिसले की ती पदर ओढून घरात शिरायची, मग तो साधा फॉरेस्टचा शिपाई का असेना. नवरा सोनबा मुंबईला गिरणीत होता, शिमग्याला आणि गणपतीला यायचा. पोलादपूरच्या पुढं, आंबेनळीचा घाट लागायच्या आधी एक वाडी आहे, तिथं ती एकटीच राहायची.

हाड बसवायची विद्या तिला बापाकडून मिळाली. पार वरच्या कुडपणपासून लोक माणसं डोलीत घालून तिच्याकडं आणत. ती नारळापलीकडं काही घेत नसे. बांबूच्या कामट्या, आंबेहळदीचा लेप आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, एवढंच तिचं सामान.

वाडीचं हुतुतूचं मंडळ होतं. अठरा वर्षांच्या आतल्या पोरांचा कुमार संघ कुशाबा शेलार तयार करायचा. मुंबईत गोदीत असताना तो स्वतः खेळला होता. त्याची रीत अशी की चौदाच्या चौदा पोरांना चढाई आली पाहिजे आणि पकडही आली पाहिजे, आणि प्रत्येक सामन्यात सगळ्यांना आलटून पालटून उतरवायचं. त्यामुळं संघ हरायचा. कुशाबा म्हणायचा, "पोरं वाढतायत अजून. हरली तर हरली."

हे मंडळाचे अध्यक्ष रावजी सकपाळ यांना पटत नव्हतं. रावजीभाऊंची भाताची गिरणी होती, पोरांना बनियन त्यांनी दिलेले, महाडला जायला ट्रक त्यांचा. "दर साली दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला जायचं काय आमी?" ते विचारायचे. सन साठच्या माघात त्यांनी सांगून टाकलं, की चांगले सात गडी तेवढेच खेळतील. बाकीच्यांनी कपडे सांभाळायचे.

त्या साली येसूबाईच्या परशाचं मनगट मोडलं. चौदा वर्षांचा पोरगा, पकडीत पटाईत. ठमाबाईनं हाड जुळवलं, कामट्या बांधल्या आणि दीड महिना हात हलवायचा नाही म्हणून बजावलं. नवव्या दिवशी रावजीभाऊंनी कामट्या सोडवल्या, वरून फडकं गुंडाळलं आणि परशाला महाडला नेऊन अंतिम सामन्यात उतरवलं. मंडळानं ढाल जिंकली. लेझीम खेळत मिरवणूक निघाली, परशाला खांद्यावर घेतलं होतं.

मनगट वाकडं जुळलं. परशाला विळा नीट धरता येईना. येसूबाईनं देवळासमोर सगळ्यांच्या देखत 'हे असं कसं झालं' म्हणून विचारलं, तेव्हा रावजीभाऊ म्हणाले, "ठमाबाईनं वाकडं बसवलं, त्याला मंडळ काय करणार?"

ठमाबाई तिथंच होती, बायकांच्या घोळक्यात. येसूबाईनं वळून तिला विचारलं, "असं कसं बसवलंस गो?" ठमाबाईनं मान खाली घातली आणि तशीच घरी आली. त्यानंतर वर्षभर तिच्याकडं कुणी पोराला घेऊन आलं नाही.

दोन वर्षांनी, पुन्हा माघातच, कुशाबा पांडूला आधार देत तिच्या अंगणात घेऊन आला. पांडू मंडळाचा सगळ्यात जोरकस चढाईवाला. महाडचा अंतिम सामना चार दिवसांवर आला होता. सरावात दोघांनी पकडून ओढलं आणि उजवा खांदा निखळला.

ठमाबाईनं त्याला पडवीत आडवं केलं, बगलेत टाच दिली आणि हात सावकाश ओढला. टक् असा आवाज झाला. पांडूच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण खांदा जागेवर बसला. मग तिनं बोटांनी सगळीकडं चाचपून बघितलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"आदी निखळला होता काय रे?"

पांडूनं दाराकडं बघितलं. "दोनदा. गेल्या महिन्यात. भाऊंच्या माणसानं मैदानातच ओढून बसवला."

कुशाबाला हे ठाऊक नव्हतं. तो मटकन खाली बसला.

"सहा हप्ते हात छातीला बांधून ठेवायचा," ठमाबाई म्हणाली.

"आत्या, असं नको गो बोलूस!" पांडू उठायला लागला. "रव्वारी मुंबयची मिलवाली मानसं येणार हायत. मला संघात घेतील, कामाला लावतील. भाऊंनी सांगितलंय."

संध्याकाळी रावजीभाऊ स्वतः आले. उंबऱ्यात उभे राहूनच म्हणाले, "रविवारी खेळवायचाय त्याला. असा घट्ट बांध की सामना निघेल. नंतर काय ते बघू."

ठमाबाईला नाही म्हणायचं होतं. पण या माणसाला नाही म्हणण्याइतकं बळ तिच्या अंगात नव्हतं. तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"हाड मोडलंय, भाऊ."

"कुशाबा तर बोलला, नुसता निखळलाय."

"आत मोडलंय. वरनं कळत नाय."

रावजीभाऊंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "उद्या महाडच्या डॉक्टरला दाखवू. हाड धड निघालं तर बघ. तुझ्याकडं दाखला नाय नि तू औषधं करतेस, हे फौजदारालाच सांगतो. तूपन चल संगती."

ते गेल्यावर ठमाबाईला चूल पेटवायचं सुधरेना. तिला डोळ्यांपुढं महाडची पोलीस चौकी दिसायला लागली, जी तिनं कधी पाहिलीही नव्हती. सकाळी गोठ्यात लपून बसावं असं तिच्या मनात आलं. ती गोठ्यात जाऊन उभीही राहिली. पण पांडूला एसटीपर्यंत सोडायला आलेल्या कुशाबानं रस्त्यावरून हाक मारली आणि ती बाहेर आली.

एसटीत तिनं पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. खिडकीबाहेर सावित्री वाहत होती, पण तिनं तिकडं पाहिलं नाही. पांडू शेजारी बसला होता. तो हळूच म्हणाला, "आत्या, खरंच मोडलंय?" पुढच्या बाकावर रावजीभाऊंची टोपी दिसत होती. ती टोपी जराशी वळली तरी ती दांडी आणखी घट्ट धरायची.

दवाखाना बाजारपेठेत होता. डॉक्टर तरुण, चष्मा लावणारे. त्यांनी पट्ट्या सोडल्या, खांदा दाबून, फिरवून बघितला. बराच वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "हाड मोडलंय असं कोण म्हणालं?"

रावजीभाऊंनी नुसतं बोट दाखवलं.

ठमाबाईनं 'मला तसं वाटलं' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ती तेच म्हणणार होती. पण तिची नजर पांडूवर गेली. तो हात मांडीवर ठेवून डॉक्टरांकडं डोळे लावून बसला होता, हाड धड आहे हे ऐकायला अधीर झालेला. आता नुसतं चुकलं म्हटलं, की रविवारी हा पोरगा मैदानात उतरणार, हे तिला स्वच्छ दिसलं.

"मोडलेलं नाय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की डॉक्टरांना पुढं वाकावं लागलं. "मी खोटं बोलले. हा खांदा तिसऱ्यांदा निखळलाय, डॉक्टरसायेब. भाऊ त्याला खेळवतील म्हणून मला भ्या वाटलं. दोन सालांमागं परशाचं मनगट मी सरळ बसवलं होतं. नवव्या दिवशी ह्यांनी सोडलं आणि खेळवलं. तेवापन मला भ्या वाटलं, म्हणून मी गप ऱ्हायले."

दवाखान्यात बाकावर बसलेले लोक बघायला लागले. रावजीभाऊंचा चेहरा लाल झाला. "काय बरळतेस?"

डॉक्टरांनी पांडूला विचारलं, "तिसऱ्यांदा?"

पांडूनं मान डोलावली.

"मग दीड महिना खेळ बंद," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा पुन्हा निखळत राहिला, तर हा हात जन्माचा अधू होईल. मी लिहून देतो."

"आणि ही बाई खोटं बोलली त्याचं काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा," डॉक्टर म्हणाले आणि पट्ट्या परत बांधायला लागले.

रावजीभाऊ तडक निघून गेले. ठमाबाई आणि पांडू पुढच्या एसटीसाठी डेपोत दोन तास बसले. तिनं त्याच्यासाठी भजी घेतली, त्यानं हात लावला नाही.

वाडीत उतरल्यावर ती घरी गेली नाही, थेट येसूबाईच्या दारात गेली. येसूबाई भात पाखडत होती. ठमाबाईनं उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. येसूबाईचं सूप थांबलं.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "कामट्या सोडल्या तेवा मी तिथंच होते. भाऊ बोलले, सोड, नि मीच गाठ सोडली."

"मग देवळाम्होरं मला का इचारलंस?"

"कोणाला तरी इचारायचं होतं." येसूबाईनं पदर तोंडाला लावला. "भाऊंना इचारायची छाती नव्हती."

ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. ठमाबाई पाणी प्यायली आणि घरी आली.

रविवारी पांडूच्या जागी कुशाबानं दोन वर्षं कपडे सांभाळणाऱ्या पोरांना आळीपाळीनं उतरवलं. ती गोंधळली, सगळे गडी बाद होऊन दोन लोण चढले आणि मंडळ एकोणीस गुणांनी हरलं. मिलच्या माणसांनी समोरच्या संघातले दोन गडी निवडले. त्याच आठवड्यात रावजीभाऊंनी कुशाबाला मंडळातून काढलं. तो भाताची कापणी झालेल्या खाचरात नवी लहान पोरं घेऊन खेळवायला लागला. त्या पोरांना पुढं कितीतरी वर्षं ढाल मिळाली नाही.

रावजीभाऊ फौजदाराकडं गेले नाहीत. का गेले नाहीत ते कुणाला कळलं नाही. ठमाबाईनं मात्र दोन लुगडी आणि एक कांबळं यांचं गाठोडं बांधून दाराआड ठेवलं होतं. चौकीत न्यायला आले तर जवळ असावं म्हणून. शिमग्याला सोनबा आला तेव्हा त्यानं ते सोडलं. "कोण येतंय तुला न्यायला?" तो हसला. ती हसली नाही.

पांडूचा खांदा बरा झाला. पुढं तो महाडच्या एसटी डेपोत लागला आणि तिशी उलटेपर्यंत डेपोच्या संघातून खेळला. पण मुंबई त्याला मिळाली नाही, आणि ती सल त्यानं कधी लपवली नाही. वाडीत आला की ठमाबाईच्या घरावरून मान वळवून जायचा. एकदा कुशाबानं त्याला अडवून म्हटलं, "अरे, तिच्यामुळं खेळतोयस तू."

"तिच्यामुळं माझी मिल गेली," पांडू म्हणाला. "आन् ती भिऊन तसं वागली, कुशाबा. माझ्या भल्यासाठी नाय."

कुशाबानं हे ठमाबाईला सांगितलं. ती एका म्हातारीच्या पायाला पट्टी बांधत होती. गाठ मारून झाल्यावर ती म्हणाली, "भ्यालेच होते मी. खोटं नाय बोलत पोरगा."